मदत हवी आहे: रोजच्या एसयूव्हीचे ब्रेक ट्रॅक-डेसाठी तयार करायचेत, आधी खर्च कशावर?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतो, कारण अर्धवट लिहिलं की पहिले चार प्रतिसाद माहिती विचारण्यातच जातात.

गाडी जर्मन पेट्रोल एसयूव्ही, सेकंड हँड घेतलेली. साडेतीनशेच्या आसपास हॉर्सपॉवर, माणसं बसली की वजन दोन टन. घरात हीच एक चारचाकी. सकाळी मुलांची शाळा, मग अक्कलकोट रोड एमआयडीसी, महिन्यातून एकदा आईला तुळजापूर. मागच्या महिन्यात हौस म्हणून कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेला (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) नेली. इथून चालवतच गेलो, हजारेक किलोमीटर. ट्रॅक अवघा 2.1 किमीचा, तेव्हा ब्रेकला काय होणार असं वाटलं होतं. पण ट्रॅक छोटा म्हणजे वळणं लागोपाठ, डिस्कला वारा खायला सवडच नाही.

पहिलं सेशन झकास. दुसऱ्याच्या शेवटी जळका वास यायला लागला, तरी झेंडा दिसेपर्यंत दाबून चालवली. तशीच पिटमध्ये आणली, पी (पार्किंग) मध्ये टाकून बंद केली आणि चहाला गेलो. वीस मिनिटांनी तिसऱ्या सेशनला निघालो तर पहिल्याच वळणाला पेडल लोण्यासारखं खाली गेलं. दोनदा पंप केल्यावर कुठे ब्रेक लागला. गाडी ट्रॅकबाहेर गेली नाही हे नशीब. उरलेला दिवस खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघितल्या. संध्याकाळी पेडल बऱ्यापैकी कडक झालं होतं, घरी येईपर्यंत काही त्रास नाही.

सोलापुरात तिघांना विचारलं. एक मिस्त्री म्हणाले, मोठ्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) टाका. आकडा ऐकून मी पाणी मागितलं. दुसरे म्हणाले, भोकंवाल्या डिस्क टाका, हवा खेळते. मेव्हणा म्हणाला, गाडी वीक.

वर्षातून दोनच ट्रॅक-डे करायचेत. पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल यांत आधी हात कशाला घालू? सात रस्त्याच्या सिग्नलला किंचाळणारे पॅड नकोत, आई गाडीत बसायची नाही. आणि मे महिन्यातल्या आपल्या उन्हाचा ब्रेकवर काही फरक पडतो का?

— कडक_भाकरी, सोलापूर

घाटवाला:
भाऊ, उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. पॅड तापून निकामी झाले तर पेडल कडक राहतं, पाय दाबून दुखतो पण गाडी थांबत नाही. तुमचं पेडल मऊ पडलं, म्हणजे ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. थंड झाल्यावर वाफ विरते, म्हणून संध्याकाळी पेडल परत आलं.

आणि बहुधा ते पिटमध्ये उकळलं. गाडी पळत होती तोवर वारा होता. उभी केल्यावर डिस्कची सगळी उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये उतरली. त्यात पी मध्ये टाकून बंद केली की बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक हँडब्रेक आपोआप लागतो, म्हणजे मागचे पॅड लालबुंद डिस्कला चिकटून बसले. शेवटचा एक लॅप ब्रेक न लावता हळू मारायचा, मग गाडी न्यूट्रलला, चाकाला दगड किंवा ठोकळा. हे फुकट आहे.

पैसे आधी ऑइलवर घाला. शेवटचं कधी बदललंय? हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश, पण 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकात किमान 155 च उरतो. मोटुल आरबीएफ 600 सारखं रेसचं ऑइल नवं असताना 312 पर्यंत टिकतं. मात्र ते वर्षभर तसंच ठेवू नका, प्रत्येक ट्रॅक-डेच्या आधी ताजं भरा. डॉट 5 लिहिलेला डबा चुकूनही घेऊ नका, ते सिलिकॉनचं, यात चालत नाही. डॉट 5.1 वेगळं, ते चालतं.

उन्हाचं म्हणाल तर डिस्क पाचशे अंशांवर जाते, तिला 32 काय आणि 43 काय. दोन टनांची गाडी ताशी 150 किमीवरून 60 वर आणताना जेवढी ऊर्जा डिस्कमध्ये जाते ती 100 वरून पूर्ण थांबण्याच्या जवळपास दुप्पट. हे दर मिनिटाला दोन-तीनदा. भोकंवाल्या डिस्कला अशा तापण्यात भोकांपासून तडे जातात, साध्या किंवा खाचवाल्या बऱ्या. मोठ्या डिस्क-कॅलिपरचा किट सध्या विसरा.

पहाटे_पाच:
वरच्याशी सहमत, पण पॅडही बदला. वास आला म्हणजे तेही हद्दीला टेकले होते. निव्वळ रेसचे पॅड थंड असताना पकडत नाहीत, शाळेच्या फाटकाशी नको तो प्रसंग. फेरोडो डीएस2500 सारखा रस्ता-ट्रॅक दोन्हीचा पॅड तुमच्या कॅलिपरला मिळतो का बघा, थोडा आवाज करेल. नवे पॅड बसवल्यावर पहाटे मोकळ्या रस्त्यावर 100 वरून 30 पर्यंत आठ-दहा वेळा आणायचे, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं नुसतं चालवायचं. तापलेल्या डिस्कवर थांबलात तर पॅडचा ठसा उमटतो, मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली.

कडक_भाकरी:
घाटवाला, ऑइल कधी बदललं माहीत नाही हो, मी गाडी घेऊनच अडीच वर्षं झाली. लाज वाटली वाचून. हँडब्रेकचं तर डोक्यातच नव्हतं.

पॉलिसीही काढून वाचली. शर्यत आणि वेगाची चाचणी दोन्ही वगळलेली, म्हणजे ट्रॅकवर ठोकली तर खर्च माझा. मेव्हण्याला सांगणार नाही.

आता अडचण एवढीच: मागचे पॅड बदलताना हँडब्रेकची मोटर स्कॅनरने मागे घ्यावी लागते, एबीएस पंपातलं जुनं ऑइल काढायलाही स्कॅनर लागतो असं कळलं. होटगी रोड किंवा विजापूर रोडकडे हे नीट करणारं गॅरेज कोणी वापरलंय का? नसेल तर पुण्याला जाईन, पण दिवस मोडतो.