मदत हवी आहे: ८० पोर्टवरील रहदारी ८०८० कडे वळवताना येणारी अडचण
सस्नेह नमस्कार. सोलापुरातील एका चादर कारखान्याचा उबंटू सर्व्हर मी सांभाळतो. आमचा जावा प्रोग्राम ८०८० पोर्टवर (नेटवर्क जोडणीच्या त्या क्रमांकाच्या दारावर) चालतो. १०२४ पेक्षा कमी क्रमांकाच्या पोर्टसाठी रूटचे (सर्वाधिकारी प्रशासक खात्याचे) अधिकार लागतात आणि ते त्याला देणे मला धोक्याचे वाटते, म्हणून आयपीटेबल्सच्या (लिनक्समधील पॅकेट-नियमांच्या साधनाच्या) नॅट टेबलमधील (पत्ते व पोर्ट बदलणाऱ्या नियमांच्या तक्त्यातील) प्रीराउटिंग साखळीत (बाहेरून येणाऱ्या पॅकेट्ससाठीच्या नियमयादीत) ८० या वेबच्या नेहमीच्या पोर्टवरची रहदारी ८०८० कडे वळवणारा नियम लिहिला. इतर संगणकांवरून सर्व सुरळीत चालते, परंतु खुद्द सर्व्हरवरून लोकलहोस्टच्या (म्हणजे त्याच संगणकाच्या) ८० पोर्टशी जोडणी नाकारली जाते. (लेबले छापणारी स्क्रिप्ट नेमकी तिथूनच चालते!) सर्व्हरवरच निर्माण होणारी पॅकेट्स प्रीराउटिंगऐवजी आउटपुट साखळीतून जातात, एवढे वाचनातून उमगले. तेव्हा लूपबॅकपुरता (सर्व्हरच्या स्वतःशीच होणाऱ्या जोडणीपुरता) तसाच रीडायरेक्ट (वळवण्याचा) नियम आउटपुटमध्ये जोडावा, की हे सारे सोडून प्रोग्रामच्या पुढे एनजिनएक्स (विनंत्या स्वीकारून प्रोग्रामकडे देणारा वेब सर्व्हर) बसवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.