मोपा-दिल्ली प्रीमियम इकॉनॉमी : खाण्यापिण्यासाठी जास्तीचे पैसे द्यावेत का?

वेंगुर्लेकर_77
मंडळी सल्ला हवाय. आई-बाबांना श्रावणात ताईकडे दिल्लीला पाठवायचंय, मोपावरून (गोव्याचं नवं विमानतळ). बाबांचे गुडघे धरतात म्हणून प्रीमियम इकॉनॉमी (साधी इकॉनॉमी नि बिझनेसच्या मधला क्लास) बघतोय पण तिकिटात फरक बराच आहे, आणि वेबसाइटवर चिनीमातीच्या प्लेटा, कापडी नॅपकिन, गरम जेवण असलं सगळं दाखवलंय, ते खरंच मिळतं का फोटोपुरतंच? डायरेक्ट आहे आणि व्हाया मुंबई पण आहे, मुंबईमार्गे थोडं स्वस्त पडतंय. त्यात नेमका सोमवार येतोय आणि आईचा श्रावणी सोमवार म्हणजे तिथे कुणाचं काही चालत नाही. बिझनेस क्लास सांगू नका, झेपणारा नाही.

बांदा_ते_बोरिवली
खाण्यासाठी घेत असशील तर व्हाया मुंबई अजिबात नको. गोवा-मुंबई हवेत जेमतेम तास, त्यातला चढण्याचा नि उतरण्याचा वेळ काढला तर क्रूच्या हातात अर्धा-पाऊण तास राहतो, तेवढ्यात ट्रे द्यायचे, चहा विचारायचा आणि सगळं गोळा करून परत लॉक करायचं. ताटात जे येतं ते वाईट नसतं, पण पहिला घास घेतोय तोवर कचऱ्याची ट्रॉली दिसायला लागते. बटर तर दगडासारखं गार असतं, ते पावाला लागेल इतकं मऊ होईपर्यंत मुंबईच्या इमारती दिसतात खाली.
आणि पावसाळ्यात घाटावरून ढगांतून जाताना विमान हलतं, सीटबेल्टचा दिवा लागला की क्रूलाही बसावं लागतं, गरम चहा-कॉफी बंद. तो चहा मग राहिलाच, त्याचे पैसे काय परत मिळत नाहीत. डायरेक्ट दिल्ली अडीच तासांची आहे, तिथे निवांत खाऊन होतं.

देवगडचो_आंबो
अरे तू त्यांका जेवक पाठवतस काय दिल्लीक पाठवतस? घराकडसून पेज खावन निघूक सांग, माका तरी इमानातला काय गोड लागणा नाय 😄

रत्नांग्रीची_मावशी
आंबोबुवा, विमानात चव लागत नाही हे खरंच आहे हो, जीभ खोटं बोलत नाही. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ आणि वर एकदम कोरडी, त्यात मीठ नि गोड कमी जाणवतं, आंबट त्या मानाने टिकून राहतं. (म्हणजे खरं तर सोलकढी द्यायला पाहिजे, पण आपल्याला कोण विचारतो.)
माझी भाची केबिन क्रूमध्ये आहे, ती सांगते वर स्वयंपाक असा होतच नाही, खालच्या किचनमध्ये शिजवून गार करून पाठवलेलं असतं, वर ओव्हनमध्ये फक्त तापवतात. भात नि ग्रेव्हीवालं त्यातल्या त्यात बरं राहतं, ऑम्लेटचं रबर होतं. त्यामुळे बाबांना नाश्त्याची फ्लाइट असेल तर उपमा किंवा इडली घ्यायला सांगा.
वेंगुर्लेकर, आईंसाठी तिकीट काढतानाच स्पेशल मील टाका, फ्रूट प्लॅटर असतो बहुतेक ठिकाणी, पण निदान 24 तास आधी सांगावं लागतं, सीटवर बसून मागितलं तर मिळणार नाही. साबुदाणा वगैरे विसरा. जैन मील टाकू नका हं, लोक उपासाला तेच टाकतात आणि मग ताटात पोळी-भाजी येते.

कुडाळ_जंक्शन
मी थोडा उलटा बोलतो. फुल सर्व्हिस कंपन्यांमध्ये (म्हणजे स्वस्तातल्या नव्हेत त्या) जेवण इकॉनॉमीच्या तिकिटातही असतंच, मग प्रीमियममध्ये जास्तीचं काय, तर माणसं कमी. आपल्याकडच्या तीन क्लासवाल्या एअरबस ए320 विमानात प्रीमियमच्या 24 सीटा असतात, चार रांगा. ट्रॉली पटकन पोचते, व्हेज-नॉनव्हेज दोन्ही शिल्लक असतं. एकदा एका कंपनीच्या इकॉनॉमीत मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो, माझ्यापर्यंत येईस्तोवर चिकन संपलं, "सर ओन्ली पनीर". शिवाय म्हाताऱ्या माणसांना पाणी परत मागायचा संकोच असतो, तिथे येऊन विचारतात, आई-बाबांना त्याचं बरं वाटतं, हे मी माझ्या आईचं बघितलंय.
पण सीट तीन-तीनच, मधली सीट असतेच. पायाला तीन-चार इंच जास्त मिळतात, तेवढंच. पहिली रांग गुडघ्यांसाठी बरी असं वाटेल पण तिथे ट्रे सीटच्या हातात असतो, म्हणजे आर्मरेस्टमधून निघतो, मधला हात वर होत नाही आणि पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. दुसरी-तिसरी रांग, बाबांना आइल (वाटेकडची सीट) द्या.

बांदा_ते_बोरिवली
@कुडाळ हे मान्य. आणि नुसतं मुंबईलाच जायचं असेल त्यांनी कणकवलीहून वंदे भारतची एक्झिक्युटिव्ह बघा की, दोन-दोन सीटा, मधली भानगडच नाही आणि जेवायला कुणी घाई करत नाही. फक्त पावसाळी टाइमटेबलमध्ये दिवस कमी असतात, बघून काढा. खाण्याचंच म्हणाल तर मांडवी एक्स्प्रेस आहेच.

वेंगुर्लेकर_77
डायरेक्टच काढतो मग. जाताना प्रीमियम, तिसरी रांग, आईला फ्रूट प्लॅटर टाकला. येताना ताई बरोबर आहे तर साधी इकॉनॉमी. आता आईने ताईसाठी कोकमं, कुळथाचं पीठ आणि दोन किलो सुकं खोबरं बांधून ठेवलंय, ते चेक-इनला टाकलं तर चालेल ना?

रत्नांग्रीची_मावशी
कोकमं नि पीठ जाईल. सुकं खोबरं काढा, तेलामुळे पेट घेतं म्हणून चेक-इन बॅगेत चालत नाही, स्कॅनरला दिसलं की बॅग उघडायला बोलावतात. पार्सलने पाठवा.

देवगडचो_आंबो
नायतर माका धाडा.