पुण्याची सिल्व्हर ज्युबिली मोटर्स : महापालिकेने ताबा घेणे योग्य होते का?

पेठकर (धागाकर्ता) :
पुण्यात शहर बससेवा महापालिकेने सुरू केली, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात १९४० च्या दशकात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीने वीस गाड्या घेऊन चार मार्गांवर ही सेवा चालू केली. त्या दशकाचा पूर्वार्ध महायुद्धाचा होता, पेट्रोलवर नियंत्रण होते आणि लोक पायी, सायकलने किंवा टांग्याने फिरत होते. अशा शहराला बसची सवय लावण्याचे श्रेय या कंपनीचे आहे. १९५० मध्ये महापालिका स्थापन झाली, तिने ही सेवा ताब्यात घेतली, पीएमटी ही महापालिकेची बससेवा उभी राहिली आणि कंपनीचे नावही लोकांच्या आठवणीतून गेले. तिला परवान्याच्या अटींनी बांधून वाढू द्यायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

नदीकाठ :
असहमत. वीस गाड्या आणि चार मार्ग हाच आपल्या युक्तिवादातला कच्चा दुवा आहे. खासगी कंपनी गर्दीच्या रस्त्यावरच गाडी घालणार, आणि त्यात तिचा दोषही नाही. मात्र शहराच्या कडेला नवी वस्ती होते तेव्हा तिथली पहिली काही वर्षे बस रिकामीच धावते आणि तो तोटा सोसायला कोणीतरी सार्वजनिक संस्थाच लागते. शिवाय पुणे काही एकटे नव्हते. मुंबई महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट कंपनी ताब्यात घेतली, आणि १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. एसटीपूर्वी गावोगावी धावणाऱ्या खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ गाडी भरेपर्यंत स्टँडवरच उभ्या राहत, टपावरही माणसे बसवीत, हे आमच्या आजोबांनी अनेकदा सांगितले आहे. वेळेवर सुटणारी गाडी हा लोकांचा हक्क आहे, हा विचार त्यांच्या पिढीला एसटीमुळे पटला.

पेठकर :
आपण गावोगावच्या सर्व्हिस मोटारींचे दोष शहरातल्या कंपनीच्या माथी मारत आहात. गाडी भरेपर्यंत न सोडणे हा परवान्यातून आवर घालता येण्याजोगा दोष होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात परवाना देताना मार्ग आणि वेळापत्रक यांच्या अटी घालण्याची सोय होतीच. तोट्याच्या मार्गासाठी महापालिकेला कंपनीस अनुदान देता आले असते. संस्था सार्वजनिक झाली म्हणून तोटा नाहीसा होत नाही, तो करदात्याच्या खात्यावर जातो.

सिंहगडरोड :
तो तिथेच जायला हवा. रस्त्यावरच्या दिव्यांनी नफा मिळवावा असे आपण म्हणत नाही.

कात्रजवासी :
दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट निसटते आहे. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांचे २००७ मध्ये विलीनीकरण होऊन पीएमपीएमएल झाली, आणि आज तिच्या ताफ्यातल्या कितीतरी गाड्या ठेकेदारांच्या आहेत. त्यांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. म्हणजे १९५० मध्ये बाहेर काढलेला खासगी मालक मागच्या दाराने परत आला आहे. फरक एवढाच की सिल्व्हर ज्युबिलीला थांब्यावर उभा असलेला उतारू हवासा होता, कारण त्याच्या तिकिटावर तिचे पोट होते. ठेकेदाराला मात्र थांब्यावर गाडी उभी केली काय आणि पुढे दामटली काय, किलोमीटर तेवढेच भरतात.

नदीकाठ :
हा मुद्दा मला मान्य आहे. पण तो ठेक्याच्या अटींविरुद्ध जातो, १९५० च्या निर्णयाविरुद्ध नाही.