कच्च्या लिंबासकट चौघांनी खेळायचे व्हिडिओ गेम (सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

सी-२०३: दिवाळीच्या सुट्टीत मुलांसोबत बसून खेळायचं ठरवलंय. टीव्हीसमोर चौघांना मजा येईल असे गेम सुचवा. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा. त्याला अजून सलग वाचता येत नाही. घरी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं वेगळं यंत्र, घ्यायचा नाही. कंट्रोलर एकही नाही.

ए-६०२: ताई, आधी जोडणी नीट करून घ्या. निम्म्या घरांत गेम चांगला असतो, पण टीव्हीवर तो अडखळतो आणि मुलं दहा मिनिटांत उठून जातात.

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. मग विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा. टीव्ही फोरके असेल तर विंडोज आपोआप ३८४०×२१६० वर जातं आणि बिनग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप तिथेच गुदमरतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२०×१०८० करा. तरीही अडखळत असेल तर गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये १२८०×७२० करा. सोफ्यावरून फरक फारसा कळत नाही, पण खेळ सुरळीत चालतो.

दुसरं म्हणजे टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधला 'गेम मोड'. तो बंद असला की टीव्ही प्रत्येक चित्र सुधारत बसतो. बटण दाबलं आत्ता आणि उडी पडते क्षणभराने. सहा वर्षांच्या मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. गेम मोड लावला की रंग थोडे फिके दिसतील, दिसू द्या.

आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्ही निवडायचा.

सी-२०३: आणि कंट्रोलर? ब्लूटूथवाले बरे की वायरचे?

ए-६०२: वायरचेच, दोन घ्या. ब्लूटूथवर दोन कंट्रोलर एकदम जोडले की मधेच एखादा तुटू शकतो, आणि नेमका धाकट्याचाच तुटला की रडारड. शेजारच्या यूएसबी ३ पोर्टला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावलेली असेल तर तिचाही ब्लूटूथला त्रास होतो, कारण तिची गडबड त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडते.

साध्या वायरच्या कंट्रोलरच्या मागे किंवा खाली बऱ्याचदा एक्स आणि डी असा खटका असतो. तो एक्सवर ठेवा. डीवर राहिला तर नवे गेम कंट्रोलर ओळखत नाहीत किंवा बटणं भलतीच लागतात. कंट्रोलरची वायर सोफ्यापर्यंत पुरत नसेल तर लॅपटॉपच सोफ्याजवळ आणा आणि एचडीएमआय केबल ५ मीटरची घ्या. ताणलेली वायर पायात येते आणि लॅपटॉप खाली येतो.

डी-५०१: वायर सुटी होणारी असेल तर अजून एक. घरात पडलेली जुनी चार्जिंगची वायर लावू नका. पुष्कळ वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, माहिती नेत नाहीत. कंट्रोलरचा दिवा लागतो आणि गेम म्हणतो कंट्रोलर नाही.

बी-१०४: आता गेमबद्दल. चौघांतला सगळ्यात कच्चा हात कोणाचा ते आधी बघा आणि त्याला झेपेल असा गेम घ्या. लगोरी खेळताना आपण लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून घेतो. तो खेळात असतो, पण बाद होत नाही. चांगल्या कौटुंबिक गेममध्ये ही सोय आतच असते, कुठे 'असिस्ट मोड' म्हणून, कुठे 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणून. मुलांच्या हातात कंट्रोलर देण्याआधी ती शोधून सुरू करून ठेवा. मूल दहादा हरल्यावर सुरू केली तर त्याला तो अपमान वाटतो.

तुमच्या घरासाठी पहिला गेम 'वेंबा'. २०२३ चा, टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा. १९८८ च्या सुमारास कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा आणि आईच्या हातची पाककृतींची फाटकी वही. वहीतल्या ओळी पुसल्या गेल्यात आणि पदार्थ तर करायचाय, हेच कोडं. वेळेचं बंधन नाही, चुकलं तर पुन्हा करायचं. एक कंट्रोलर पुरतो. संपूर्ण गेम दीड तासाच्या आसपास, दोन संध्याकाळी पुरे.

संवाद इंग्रजीत आहेत. मुलगी वाचेल, तुम्ही धाकट्याला मराठीत सांगा. उलट त्यानेच गप्पा सुरू होतात.

पहिलंच कोडं इडलीचं आहे. तिथे गेम थांबवून आपलं इडलीपात्र टीव्हीसमोर ठेवा. ताटल्या दांडीत घालायला मुलांनाच सांगा. खोलगट वाट्या एकावर एक सरळ रांगेत आल्या तर खालची इडली फुगून वरच्या वाटीच्या बुडाला चिकटते. ताटली थोडी फिरवून वरची वाटी खालच्या दोन वाट्यांच्या मधल्या जागेवर आणली की फुगायला जागा मिळते आणि वाफही मोकळी फिरते. ताटल्यांना भोकं कशाला, तेही मुलं आपणहून विचारतात. मग परत गेमकडे वळायचं. सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावरचं कोडं त्याच्या हाताने कळलेलं असतं. इतका घरातला गेम मला दुसरा माहीत नाही.

ए-१०१: छान सांगितलंत. त्यात रडारड, भीतीदायक असं काही?

बी-१०४: काका, भीतीदायक काही नाही. मुलगा मोठा होताना आईच्या भाषेपासून दुरावतो, तो भाग मोठ्यांना हलवतो. अमेरिका-कॅनडातली भाचरं सुट्टीला येणार असतील तर त्यांच्यासोबत जरूर खेळा.

दुसरा 'अनपॅकिंग', २०२१ चा. खोक्यांतून सामान काढून घरात लावायचं, बस. १९९७ ते २०१८ अशी एकाच मुलीची आठ बिऱ्हाडं. जवळपास काही वाचावं लागत नाही, म्हणून कंट्रोलर धाकट्याकडे द्या. सगळं लावून झालं की चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तूंना लाल कड येते आणि मुलं इथेच चिडतात. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'अलाव आयटम्स एनीव्हेअर' सुरू केलं की लाल कड येत नाही, टोस्टर न्हाणीघरात ठेवला तरी चालतो. पहिली दोन घरं असंच खेळू द्या.

डी-५०१: दोघांनी एकाच वेळी खेळायचं तर 'अनटायटल्ड गूज गेम'. गावात खोड्या काढणारं हंस-पाखरू. मुळात २०१९ चा, सप्टेंबर २०२० पासून दोन हंस घेऊन खेळता येतो. हरणं नाहीच. माळी हाकलतो, वस्तू काढून घेतो, पुन्हा जायचं. कॅमेरा एकच आहे, दोघं लांब गेले की चित्र बारीक होत जातं. म्हणून सांगून ठेवा की एकाने माळ्याचं लक्ष वेधायचं आणि दुसऱ्याने किल्ल्या पळवायच्या. कामांची यादी इंग्रजीत असते, ती मोठीने वाचायची.

सी-२०३: आणि ते स्वयंपाकघरात धावपळ करायचं 'ओव्हरकुक्ड'? तिच्या वर्गात सगळे खेळतात म्हणे.

ए-६०२: घ्या, पण थेट 'ऑल यू कॅन ईट' ही आवृत्ती घ्या. त्यात पहिला आणि दुसरा असे दोन्ही भाग आहेत आणि असिस्ट मोडही आहे. फेरीचा वेळ वाढवता येतो, ऑर्डर लवकर रद्द होत नाहीत, गुण जास्त मिळतात, अडलेली फेरी ओलांडता येते. म्हणजे बी-१०४ ताई म्हणतात तसं कच्च्या लिंबाचं बटण.

यात बिघडतं ते दोन कारणांनी. एक, सगळे एकाच वेळी कांदा आणायला धावतात आणि अरुंद वाटेत एकमेकांना अडवतात. दोन, पातेलं शेगडीवर विसरतं, लाल इशारा लुकलुकतो, मग आग लागते आणि आग शेजारच्या ओट्यावर पसरते. म्हणून सुरुवातीलाच कामं वाटा. धाकट्याने फक्त ताटं धुवायची आणि आणून द्यायची. मोठीने चिरायचं. एका मोठ्या माणसाने पातेल्यांवर नजर ठेवायची आणि शिजल्याबरोबर उतरवायचं. दुसऱ्याने वाढायचं आणि अग्निशामक कुठे ठेवलाय ते लक्षात ठेवायचं. दोन फेऱ्यांनंतर कामं बदला.

कंट्रोलर दोनच असले तरी चौघं खेळू शकता. ओव्हरकुक्डमध्ये एका कंट्रोलरचे दोन वाटेकरी होतात, डावी काठी आणि डावीकडची वरची बटणं एकाची, उजवीकडचं दुसऱ्याचं. मात्र दोघांनी शेजारी चिकटून बसावं लागतं, म्हणून आई आणि धाकटा अशी जोडी करा.

आणखी एक फायदा. एक फेरी साधारण तीन-चार मिनिटांची असते. 'अजून दहा मिनिटं' म्हणण्याऐवजी 'अजून दोन फेऱ्या' म्हणा. मुलं फेरी संपल्यावर उठतात, मधेच बंद केलं की भांडतात.

सी-२०३: आमच्या लॅपटॉपला ओव्हरकुक्ड झेपेल का?

ए-६०२: वेंबा, अनपॅकिंग हलके आहेत. ओव्हरकुक्ड जड आहे, तो तपासूनच ठेवा. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलात तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. पण मेनूवर गेम उघडा ठेवून तुम्ही जेवायला बसलात तर तोही वेळ धरला जातो. म्हणून मुलांना बोलावण्याआधी एकटीने उघडा, ७२० वर करा, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत जा. अडखळला तर तिथेच परत करा. मुलांसमोर आणून मग परत करणं फार वाईट.

बी-७०३: मुलं 'माइनक्राफ्ट'ही मागतील. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत स्क्रीन विभागून दोघांना खेळता येत नाही, ती सोय कन्सोलवर आहे. दोघांना एका जगात खेळायचं तर दोन उपकरणं लागतील. खेळलात तर 'पीसफुल' ठेवा. राक्षस येत नाहीत, भूक लागत नाही.

ज्यांच्याकडे निन्टेंडोचा स्विच हा कन्सोल आहे त्यांच्यासाठी: 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये गाडी निवडताना प्लसचं बटण दाबून धाकट्यासाठी 'स्मार्ट स्टिअरिंग' आणि 'ऑटो ॲक्सिलरेट' लावा. गाडी रस्त्याबाहेर पडत नाही. पण त्यामुळे काही आडवाटा बंद होतात, म्हणून मोठ्या मुलांचं बंदच ठेवा. शर्यत ५० सीसीवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर. 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'मध्ये लहानाला योशी किंवा नॅबिट द्या, त्यांना शत्रू लागला तरी काही होत नाही.

डी-५०१: हा खरा कच्चा लिंबू.

सी-२०३: 'इट टेक्स टू' दोघांसाठीचा सगळ्यात चांगला म्हणतात, तो?

बी-१०४: गेम उत्तम आहे, पण तुमच्या घरी आत्ता नको. लॅपटॉपला झेपणार नाही हे एक. दुसरं, गोष्ट घटस्फोटाला निघालेल्या आईबापांची आहे. त्यात एका खेळण्यातल्या हत्तिणीचा प्रसंग आहे, तो पाहून लहान मुलं खरोखर रडतात. युरोपच्या पेगी मानांकनात तो १२ वर्षांवरचा आहे. भारतात व्हिडिओ गेमसाठी वेगळं सरकारी मानांकन मंडळ नाही, म्हणून पेगीचा आकडा बघायची सवय लावा: ३, ७, १२, १६, १८. आकड्याशेजारी कारणही लिहिलेलं असतं, ते जास्त उपयोगी.

मोठीसाठी पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' लक्षात ठेवा. २०२० चा आहे. राखीपौर्णिमेच्या दिवशी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली बहीण. चित्रं पहाडी शैलीसारखी, फार देखणी. पण मारामारी भरपूर आहे आणि एकानेच खेळायचा आहे. धाकटा झोपल्यावर तुम्ही दोघींनी आळीपाळीने खेळा.

ए-१०१: एक काळजी. नातवंडं फोनवर खेळतात आणि पैसे कापले जातात, तसं यात होईल का?

डी-५०१: काका, माइनक्राफ्ट सोडून वर सुचवलेले गेम एकदा विकत घेतले की संपलं. पैसे कापणारे बहुतेक 'फुकट'वाले. प्ले स्टोअरमध्ये गेमच्या नावाखाली 'इन-ॲप परचेसेस' लिहिलेलं असेल तर तो लहान मुलांच्या हाती देऊच नका, असं माझं स्पष्ट मत. तरी फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा आणि तो पासवर्ड फोनच्या लॉकपेक्षा वेगळा ठेवा. मुलांना फोनचं लॉक माहीत असतंच. चुकून खरेदी झाली तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेवर परताव्याची मागणी करा.

स्टीमवर पैसे भरताना कार्ड जतन करण्याची खूण काढा. स्टीमवर १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं काढता येत नाही, म्हणून मुलगी १३ ची झाली की मग तिला 'स्टीम फॅमिलीज'मध्ये मूल म्हणून जोडा. सहा जणांपर्यंत घेता येतं. कुठले गेम दिसावेत आणि किती वेळ खेळावं, ते तुम्ही ठरवता.

सी-२०३: मग आधी वेंबा आणि अनपॅकिंग. ओव्हरकुक्ड सेलमध्ये आला की रात्री एकटीने तपासून. कंट्रोलर दोन, वायरचे. ५ मीटरची एचडीएमआय केबल कोणाकडे आहे का? आधी बसते का बघून मग घेईन.

ए-६०२: आमच्याकडे आहे. संध्याकाळी वॉचमनकडे ठेवतो. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे ना बघा. फक्त टाइप-सी असेल तर सांगा, जोडणीचा तुकडा पण देतो.

सी-२०३: मोठं भोक आहे. आणि इडलीपात्र स्वच्छ करून ठेवते.