फेलटूबॅनच्या पुढचे काम

मेल सर्व्हर सुरक्षित ठेवण्यासाठी फेलटूबॅन (एकाच आयपी पत्त्यावरून लॉगिनचे वारंवार फसलेले प्रयत्न दिसले की तो पत्ता अडवणारा प्रोग्राम) बसवावा आणि एसएसएचचे, म्हणजे दुरून सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करण्याच्या सोयीचे, नेहमीचे २२ क्रमांकाचे पोर्ट बदलावे, ही सूचना योग्यच आहे. परंतु हल्ली हल्लेखोर असंख्य आयपी पत्त्यांवरून एखाददुसराच प्रयत्न करतात आणि ते या जाळ्यात सापडत नाहीत, म्हणून पासवर्डने लॉगिन पूर्णपणे बंद करून केवळ एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त किल्लीची फाइल) वापरावी.

नको असलेल्या मेलबाबत मात्र धोका आतूनही असतो. नवी मुंबईतील महापे येथील आमच्या कार्यालयात एकदा सकाळी पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेत मेलचा ढीग साचलेला दिसला आणि लॉगमध्ये ओळीमागून ओळ एकाच कर्मचाऱ्याचे खाते होते, कारण त्याचा पासवर्ड चोरीला गेला होता. अशा वेळी एसपीएफ (आपल्या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो याची जाहीर नोंद) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) उपयोगी पडत नाहीत, कारण तो मेल आपल्याच सर्व्हरवरून रीतसर सही होऊन निघतो. प्रत्येक खात्याला दर ताशी मेल पाठवण्याची मर्यादा घालणे मला सर्वांत निकडीचे वाटते.