सिएनाच्या पालिओत घोडा चिठ्ठीनं का देतात?

सात_रस्ता
ऑगस्टात इटलीला जायचं चाललंय, १६ तारीख सिएनात पालिओसाठी, म्हणजे तिथल्या पेठांच्या घोडशर्यतीसाठी, धरलीय. वाचलं त्यावरून आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या मानाच्या सात काठ्यांसारखं तिथं १७ पेठांचं प्रकरण दिसतंय. पण घोडा पेठेचा नसतो, चिठ्ठीनं मिळतो म्हणे. मग पेठेच्या हातात राहतं काय? आणि मैदानात फुकट उभं राहता येतं का?

बाळीवेस
काठ्यांशी तुलना अर्ध्यापर्यंतच चालते. त्या काठ्यांचा, म्हणजे नंदीध्वजांचा, क्रम नि मान ठरलेला, तिथं कुणाला हरवायचं नसतं. इथं वैऱ्याला हरवणं हाच निम्मा आनंद. ओका-तोर्रे, निक्यो-मोंतोने, कियोच्योला-तारतुका या पेठांच्या जुन्या खुन्नशी. दुसरा नंबर म्हणजे हारच.

पेठेला तिथं कोंत्रादा म्हणतात. मध्ययुगात त्या १७ पेक्षा जास्त होत्या. आजच्या सीमा १७२९ च्या फर्मानानं ठरल्या. मैदानाची वाट अरुंद, म्हणून एका वेळी दहाच धावतात: गेल्या वर्षी त्याच महिन्याच्या पालिओत न धावलेल्या सात हक्कानं, तीन चिठ्ठीनं.

आता घोडा. १३ ऑगस्टला चाचणी धावा होतात, धावणाऱ्या पेठांचे दहा कप्तान मिळून दहा घोडे निवडतात. फार तेज घोडा बऱ्याचदा मुद्दाम गाळतात, कारण तो वैऱ्याच्या चिठ्ठीत निघाला तर? मग सोडत. मिळालेला घोडा बदलता येत नाही. जखमी झाला तर कोंत्रादा त्या पालिओला मुकली. जॉकी मात्र १६ च्या सकाळी नावनोंदणी होईपर्यंत बदलता येतो. जॉकी बहुधा बाहेरचा, पैशावर आलेला, म्हणून त्याच्यावर पहारा. घोडा एकटा, जॉकीशिवाय पहिला आला तरी पेठ जिंकते.

विजापूर_वेस
पेठेच्या हातात राहतात ते सौदे. कुणी कुणाला अडवायचं, जिंकल्यास कुणाला किती द्यायचे, हे कप्तान आधीच ठरवून ठेवतात. चाबकानं दुसऱ्याला मारलेलं चालतं, फक्त त्याचा लगाम धरायचा नाही.

खरी गंमत सुरुवातीला. नऊ घोडे दोन दोरांमध्ये सोडतीच्या क्रमानं उभे, दहावा मागून पळत येतो. तो आत शिरला की दोर पडतो. म्हणजे सुरुवात त्याच्या मर्जीवर! मित्राचा घोडा नीट उभा राहीपर्यंत, किंवा वैऱ्याचा तोंड फिरवीपर्यंत तो थांबून राहतो. कधी तासभरही, आणि अंधार पडला तर शर्यत दुसऱ्या दिवशी. पुढे तीन फेऱ्या सव्वा-दीड मिनिटात संपतात, तेही खोगिराविना. सान मार्तिनोचं वळण उताराचं, म्हणून तिथं भिंतीला गाद्या.

सात_रस्ता
आणि उभं राहायची जागा?

बाळीवेस
मैदानाच्या मधोमध फुकट. बाकडी नि बाल्कन्या पैशाच्या. वाटा एकेक करून बंद होतात, शेवटी व्हिया दुप्रे या रस्त्याची उघडी असते, पण तोवर मोक्याच्या जागा गेलेल्या असतात. आत गेलं की शर्यत संपेपर्यंत बाहेर नाही, शौचालय नाही, सावली नाही. शर्यतीआधीची मिरवणूकच दोनेक तासांची. पाणी, टोपी न्या. लहान मुलं असतील तर सरळ सोडून द्या. त्यापेक्षा १३ च्या संध्याकाळपासून १६ च्या सकाळपर्यंतचे सहा सराव बघा, गर्दी पुष्कळ कमी. १५ च्या रात्री गल्लीत पंगत बसते, तिकीट काढून परक्यालाही जेवता येतं. १६ ला दुपारी घोड्याला देवळात नेऊन आशीर्वाद देतात, तेव्हा शांत राहायचं, फ्लॅश मारायचा नाही. घोड्यानं तिथंच लीद टाकली तर शुभ मानतात.

विजापूर_वेस
दुकानातला कोंत्रादेचा रुमाल कौतुकानं गळ्यात घालून हिंडू नका. वैऱ्याच्या गल्लीत शिरलात तर तोंडं वाकडी होतील. सीमा ओळखायला भिंतीवरच्या छोट्या पाट्यांवरचं चिन्ह बघायचं: हंस, कासव, गोगलगाय, वगैरे.