फाइल सर्व्हरला वेग द्यायचा आहे. एसएसडी कोणती घ्यावी?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. गंजगोलाईजवळ आमचे लग्नाचे अल्बम तयार करण्याचे छोटे कार्यालय आहे. सहा संगणक गिगाबिट नेटवर्कने एका ट्रूनॅस (फाइल साठवणीची प्रणाली) सर्व्हरला जोडलेले असून त्यात ७२०० आरपीएमच्या, प्रत्येकी ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क मिररच्या (दोन्ही डिस्कवर तीच माहिती) दोन जोड्यांत आहेत. रॅम १६ जीबी आहे. लग्नसराईत चौघे एकदम कामाला बसले की तीन-चार हजार फोटोंच्या फोल्डरमधील थंबनेल एकेक करून उमटतात आणि डिस्कची कुरकुर शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू येते. मात्र एकच मोठा व्हिडिओ कॉपी केला, तर सेकंदाला ११० एमबीचा वेग मिळतो. दुकानदार ३५०० एमबी वेगाची एक एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी) कॅशे म्हणून, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्यासाठी, लावायला सांगतो. मदरबोर्डवर तिचा स्लॉट एकच आहे, साटाचे (केबलने डिस्क जोडण्याचे) दोन पोर्ट रिकामे आहेत. काय करावे?

उत्तर (नांदेड)

आपल्या दुखण्याचे निदान आपणच लिहिले आहे. गिगाबिट केबलमधून सेकंदाला कमाल १२५ एमबी जातात, प्रत्यक्षात ११० ते ११५. म्हणजे मोठ्या फाइलसाठी आपल्या डिस्क आजही पुरेशा आहेत आणि ते ३५०० एमबी केबलपाशीच अडतील. थंबनेलचे तसे नाही. प्रत्येक लहान वाचनासाठी डिस्कमधले वाचणारे हेड हलवावे लागते, शिवाय अर्ध्या फेरीची सरासरी वाट म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद, त्यामुळे एका डिस्ककडून सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचने होतात. साधी साटा एसएसडी हेच काम हजारोंच्या संख्येने करते.

तरीही आधी रॅम ३२ जीबी करावी, कारण झेडएफएस (ट्रूनॅसची फाइल-प्रणाली) वाचनाची कॅशे रॅममध्येच ठेवते. एसएसडीवरच्या कॅशेची यादीही रॅममध्येच राहत असल्याने कमी रॅमवर ती लावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

उत्तर (परभणी)

वरील मताशी सहमत आहे. खरेदीबाबत थोडी भर घालतो. मी स्वस्तातली क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी) एसएसडी घेतली होती. पहिली काही मिनिटे ती वाऱ्यासारखी धावली, पण आतील एसएलसी कॅशे (लेखन आधी झेलणारा जलद भाग) भरताच लिहिण्याचा वेग जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली गेला आणि कार्डावरचे फोटो उतरवायला बसलेला मुलगा चहा पिऊन आला तरी पट्टी अर्ध्यावरच होती. म्हणून टीएलसीच (पेशीत तीन बिटांची) घ्यावी, स्वतःची डीरॅम स्मृती असलेली.

टिकाऊपणाची चिंता मात्र नको. सॅमसंग ८७० ईव्हीओच्या १ टीबी डिस्कला ६०० टीबी लेखनाची हमी आहे, त्याच क्षमतेच्या ८७० क्यूव्हीओला ३६० टीबीची. दिवसाला १०० जीबी लिहिले तरी वर्षाला साडेछत्तीस टीबीच होतात, तेव्हा डेटा सेंटरसाठीच्या महागड्या डिस्कवर केवळ त्या आकड्यासाठी पैसे घालू नयेत. त्यांच्यात वीज जाताना हातातले लेखन पूर्ण करणारे कॅपॅसिटर असतात, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या विजेचा लपंडाव पाहता तशी डिस्क परवडत असेल तर अवश्य घ्यावी.

प्रश्नकर्ता (लातूर)

रॅम वाढवली. एकदा उघडलेले फोल्डर आता लगेच उघडते. पहिल्यांदा उघडताना पूर्वीचाच त्रास होतो. केवळ मेटाडेटा (फाइलींची नावे, आकार, जागा यांची नोंद) एसएसडीवर ठेवण्याची सोय आहे, असे वाचले. ती करावी का?

उत्तर (नांदेड)

त्याने फोल्डरची यादी लवकर येईल, पण थंबनेलसाठी फोटो वाचायचे ते हार्ड डिस्कवरूनच. शिवाय मेटाडेटाची ती डिस्क गेली तर संपूर्ण पूल (डिस्कचा एकत्रित साठा) जातो आणि जुना मेटाडेटा आपोआप तिच्यावर जात नाही. त्यापेक्षा २ टीबीच्या दोन साटा एसएसडी मिरर करून त्यांचा वेगळा पूल करावा, चालू हंगामाची कामे तिथे ठेवावीत आणि संपलेली कामे हार्ड डिस्कवर हलवावीत. रोज रात्री एसएसडीच्या पूलची प्रत हार्ड डिस्कवर जाऊ द्यावी, कारण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हरला यूएसबीने खबर देणारा यूपीएस जोडावा, म्हणजे बॅटरी उतरायच्या आत तो स्वतःहून बंद होईल.

उत्तर (परभणी)

जुनी कामे एसएसडीवर भरून ती कपाटात ठेवू नये. वापरून झिजलेल्या साध्या एसएसडीने विजेविना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक (चिप उद्योगाची मानके ठरवणारी संस्था) मानकाची अपेक्षा आहे. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या खोलीतले कपाट ४० अंशांच्या वर असते.